मोकळ्या जागांसकट

बंद गिरणीची सेवापुस्तकं,
सहा हजार दोनशे चौदा पानं,
सगळी आडवी स्कॅन झालेली.
म्हणजे तेवढी माणसं कुशीवर निजलेली,
फोटो, अंगठा, भरतीची तारीख,
सगळं डावीकडे कललेलं.

पहिली चाळीस मी हातानं उभी केली.
उघड, फिरव, जतन कर, बंद कर.
एप्रिल. इतवारीतला तिसरा मजला.
कूलरात पाणी कमी, वाळ्याचा वास जास्त.
मनगट चोळत बसले तेव्हा
झुबेरभाई म्हणाले,
"काहून हातानं करून राह्यली? लूप लाव ना."

तीन ओळींचं प्रकरण.
फॉर म्हणायचं, म्हणजे एकेकाला बोलवायचं,
डू म्हणायचं आणि काम सांगायचं,
शेवटी डन.
पंगतीतला वाढपी पान बघतो, माणूस नाही:
भात, वरण, पुढचं पान.

"आधी इको लाव," ते म्हणाले,
"नुसतं बोलू दे त्याला. करू नको देऊ.
काय करणार हाय ते सांगू दे पहिले."

मी फायलींची यादी काढून लूपला दिली.
पडद्यावर हजेरी सुरू झाली:
यादव
लहानू
पौनीकर
गेंदलाल
सुकाजी
हेडाऊ
एकाचे तीन झाले होते.
बाप वेगळ्या ओळीत,
आडनाव एकटंच, कुणाचंच नसल्यासारखं.

"मोकळी जागा दिसली
की त्याले वाटते माणूस संपला."
झुबेरभाई हसले नाहीत हे सांगताना.
यादी काढून टाकायला लावली, तिथे एक तारा,
आणि डॉलरच्या दोन्ही अंगांना अवतरणचिन्हं.
लहान पोर बगलेत हात घालून उचलावं
तसं नाव अख्खं वर आलं:
यादव लहानू पौनीकर.
खाली पाय हलत असतील बहुतेक.

मग एक बाई अडली.
आडनाव, नाव, असं लिहिणाऱ्या कुणा कारकुनानं
आडनावाच्या जागी नुसती रेघ ओढलेली,
टायपणाऱ्या पोरानं तीही इमानदारीनं टायपलेली:
रेघ, सखुबाई, बॉबिन खातं.
रेघेनं सुरू होतं ते मशीनला नाव वाटत नाही,
हुकूम वाटतो.
जिनं जन्मात कुणाला हुकूम सोडला नसेल
तिचं ऐकायला सगळं थांबलं,
आणि कळेना, म्हणून रागावलं.
उपाय एवढासा.
नावाआधी एक टिंब, एक तिरपी रेघ.
टिंब म्हणजे हे, इथलं.
सखुबाई इथली आहे, एवढं सांगितलं
की चालतं.

इको तसाच ठेवून खरं काम लावलं.
एकेक नाव उमटायचं, एकेक माणूस उठून बसायचा.
मी खाली जाऊन तर्री पोहे खाऊन आले,
तरी उठतच होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली.

लूपला आठवण नसते.
पुन्हा लावला तर पहिल्यापासून,
आणि उभे झालेले
आता उजव्या कुशीवर पडणार.
लाइन आल्यावर एकेक फाइल बघत गेले,
उभी, उभी, उभी,
कुठे थांबलं ते शोधत.

भागीरथी सोमाजी निमजे.
कपाळ, कुंकू, दोन डोळे,
त्याखाली राखाडी.
फिरता फिरता अर्ध्यावर राहिलेली,
आणि मूळ चित्रावरच लिहिलेलं सगळं.
प्रत ठेवली नव्हती.
ठेव असं झुबेरभाई म्हणाले होते का,
ते आता आठवत नाही.

उरलेल्यांना पुढे लावून दिलं.
दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत
तोंडाला दुपट्टा बांधून कळमन्याच्या गोदामात गेले.
गठ्ठा एकशे सात. वाळवीनं कडा खाल्लेल्या.
पान काचेवर ठेवलं, उभंच.
तिची हनुवटी बघितली. गोंदलेली होती,
तीन ठिपके.

फाइलचं नाव मी स्वतः टायपलं,
तिचं, बापाचं की नवऱ्याचं ते, आणि आडनाव,
मधल्या मोकळ्या जागांसकट.